सतरावी तळटीप

“अकरा,” दिगंबर म्हणाला. “काल नऊ होते.”

त्याने अभ्यागतांची वही माझ्यापुढे सरकवली. येळवंडच्या बाजार समितीतली ती खोली पूर्वी वजनकाटे ठेवण्याची होती. आता तिथे शासनाने दिलेला एकुलता एक संगणक होता आणि धूळ बसू नये म्हणून त्यावर धुतलेला पंचा पांघरलेला होता. मार्च २००२. खिडकीतून शिजवलेल्या हळदीचा कडवट वास येत होता. समितीचा सचिव, म्हणजे दिगंबर लोमटे, माझ्यासमोर अत्यंत शांतपणे बसला होता. अकरा हा आकडा आपला सत्यानाश करणार आहे हे त्याला ठाऊक होते. म्हणूनच त्याची शांतता मला खटकली.

“अकरातले हे चौघे?”

“परीक्षेचा निकाल बघायला आले होते.”

“आणि हे दोघे? रोज सह्या आहेत यांच्या.”

“ते पंख्याखाली बसायला येतात. मी त्यांना म्हटलं, सही करू नका. तर म्हणाले, बसलो तर सही केली पाहिजे, फुकटचं नको.”

मी वहीत डोके घातले. मला झालेला आनंद माझ्या चेहऱ्यावर दिसू नये, एवढी सभ्यता माझ्यात होती.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. विकण्याआधी शेतकऱ्याला दूरच्या बाजारातला भाव कळला, तर गावोगावी फिरून खळ्यावर माल उचलणाऱ्या व्यापाऱ्यापुढे त्याला मान वर करून बोलता येईल, या विचाराने शासनाने सहा तालुक्यांत संगणकीय माहिती केंद्रे प्रयोगादाखल सुरू केली होती. दोन वर्षे संपत आली होती. सहांपैकी दोन केंद्रे टिकायची, त्यांच्या नमुन्यावर पुढे बारा तालुक्यांत केंद्रे निघायची, उरलेली चार बंद. कोणती टिकवायची हे ज्या अहवालावर ठरणार होते तो मी लिहायचा होता. योजनेचा सल्लागार म्हणून ‘लाभार्थी’ या शब्दाची व्याख्याही मीच केली होती: केंद्रात प्रत्यक्ष येऊन संगणकावरून माहिती घेणारी व्यक्ती. व्याख्या निर्दोष होती. मोजता येत होती. बाकीची पाच केंद्रे मी पाहून आलो होतो. तिथे दिवसाला साठ-सत्तर सह्या होत्या. बहुतेक पोरे पोलीसभरतीच्या जाहिराती बघत होती, पण सह्या होत्या.

आणि दिगंबर. पुण्याच्या संस्थेत आम्ही एकाच मार्गदर्शकाकडे, प्राध्यापक ताम्हनकरांकडे, एकाच वर्षी पीएच.डी.ला लागलो. मी चार वर्षांत प्रबंध दिला. दिगंबरने तिसऱ्या वर्षी, वडील गेल्यावर, अर्धा लिहिलेला प्रबंध गाठोड्यात बांधला आणि बाजार समितीत नोकरी धरली. स्पर्धा तिथे संपायला हवी होती. परंतु सर एकदा दाराआड कुणाशी तरी बोलत असताना मी बाहेर उभा होतो, आणि ते म्हणाले, “लोमटेकडे डोकं आहे. वर्तककडे वाचन आहे.” वर्तक म्हणजे मी. माझा प्रबंध मंजूर झाला त्या दिवशी पेढा हातात घेऊन सरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “दिगंबरचं काही कळलं का?”

त्यानंतर मी पुष्कळ वाचले. तीन भाषांत वाचले. त्या एका वाक्याला उत्तर सापडावे इतके वाचले.

“चल,” दिगंबरने घड्याळ पाहिले. “पावणेपाच झाले. स्टँडवर जायचंय.”

“कशाला?”

“तू आज कुरुळवाडीला मुक्कामाला चाललास. तिथल्या शाळेच्या मास्तरांना सांगून ठेवलंय, त्यांच्याकडे झोप. सकाळच्या गाडीने परत.”

“माझ्या कार्यक्रमात कुरुळवाडी नाही.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. संगणकाशेजारच्या डबीतून त्याने खडूचा एक तुकडा उचलून शर्टाच्या खिशात टाकला.

*

बसस्थानकात मुक्कामी जाणाऱ्या चार गाड्या ओळीने उभ्या होत्या. संध्याकाळी तालुक्याहून निघायचे, वाटेतली आठ-दहा गावे घेत शेवटच्या गावी रात्र काढायची आणि पहाटे परतायचे, अशा या गाड्या. दिगंबर पहिल्या गाडीच्या मागे गेला, दुपारी सांगलीच्या बाजारातून संगणकावर आलेला भावांचा कागद त्याने घडी उलगडून पाहिला, आणि मागच्या काचेखालच्या लाल पत्र्यावर क्विंटलच्या भावाचे हातभर उंचीचे आकडे काढले. हळकुंड २४६०. त्याखाली जरा लहान, हलक्या मालाचा: गड्डा २१८०. मग दुसरी गाडी, मग तिसरी. चौथ्या गाडीपाशी एक उंच, दाढी अकाली पांढरी झालेला कंडक्टर तिकिटाची पेटी मांडीवर घेऊन पायरीवर बसला होता. दिगंबर आपल्या गाडीच्या मागे जातो आहे हे दिसताच त्याने मुद्दाम तोंड फिरवले.

“शेखमामू, हे पुण्याचे वर्तक सर. माझे जुने मित्र.”

“सलाम सायेब.” मामूंनी मला निरखले. “सरकारी?”

“अर्धे,” दिगंबर म्हणाला.

“मग आदीच सांगतो. मी कंडक्टर हाय. माझं काम गाडीच्या आत. पाठीमागं कोण काय लिवतंय, मला काय माहीत? मी तर मागं बघतच न्हाई.”

“अठरा महिन्यांत एकदाही नाही बघितलं?” मी विचारले.

“एकदाच बघितलं. लोमटे सायबांनी सातचा आकडा एकासारखा काढला. मग खाली उतरून म्या सरळ केला.” ते पेटी सावरत उठले. “बसा, सीट धरतो.”

दिगंबरने मला बाजूला ओढले. “हे बघ श्रीरंगा. महामंडळाच्या गाडीवर लिहिणं म्हणजे गुन्हाच आहे. डेपोत कळलं तर चारी कंडक्टर-ड्रायव्हर घरी बसतील. मामूंच्या तीन मुलींची लग्नं व्हायचीत. म्हणून मी कुठल्याही कागदावर हे लिहीत नाही, मीटिंगमध्ये बोलत नाही. सचिवाने कबूल केलं की चौकशी लागते, गाड्यांचे नंबर मागतात. पण तू बाहेरचा माणूस आहेस. तू संशोधक म्हणून लिहिलंस, तर तुला कोण नंबर विचारणार? नावं तेवढी घेऊ नकोस. बाकी सगळं लिही.”

“आधी पाहू तर दे,” मी म्हणालो.

गाडी निघाली. मी मुद्दाम शेवटच्या बाकावर बसलो. पहिल्या फाट्यावर एक सायकलवाला आमच्या मागे लागला. उतरायचे कुणी नव्हते, चढायचेही नव्हते, तरी तो दोन फर्लांग मागे मागे आला, ओठ हलवत आकडा पाठ केला आणि वळला. पुढच्या वस्तीवर हळद शिजवणाऱ्या कढईजवळच्या बाया, गाडी पुढे गेल्यावर, उठून उभ्या राहिल्या. गाडी येताना कुणी पाहत नव्हते. गाडी गेल्यावर पाहत होते. उभ्या महाराष्ट्रात लोक एस.टी.ची वाट समोरून बघतात. या रस्त्यावर ते तिची पाठ बघत होते.

कुरुळवाडीला पोहोचलो तेव्हा उजेड होता. मुक्कामाची गाडी चालक नेहमी तोंड रस्त्याकडे करून लावतो, कारण पहाटे काढायला सोपी जाते. आमच्या चालकाने तोंड मारुतीच्या देवळाच्या भिंतीत घातले आणि पाठ चौकाकडे केली. सकाळी त्याला अंधारात, दोन माणसांच्या हाकाऱ्यावर, ती उलटी काढावी लागणार होती.

“रोज असंच?” मी मामूंना विचारले.

“डायवरला तसंच आवडतं,” मामू म्हणाले.

*

मास्तर बाहेरगावी गेले होते. माझी सोय शेजारच्या द्वारकाबाई नादरे यांच्याकडे झाली. पन्नाशीच्या विधवा, अडीच एकर हळद, हात कोपरापर्यंत पिवळे. त्यांनी गाडीची पाठ आधीच वाचली होती.

“चोवीसशे साठ,” त्या म्हणाल्या. “काल दहा होते. पन्नासनं चढला की वो.”

“तुम्हाला वाचता येतं?”

“अक्षर न्हाई येत. आकडा येतो. गाडीनंच शिकवला.” त्यांनी भाकरी थापता थापता माझ्याकडे पाहिले. “तुम्ही कागुद लिवायला आलात म्हनं. लोमटे सायेब म्हनले, साहेबांच्या कागदावर मशीन ऱ्हायची का जायची ते हाय.”

“तसंच काहीसं.”

“मंग उद्या सकाळी बगा आन् लिवा.”

सकाळी मी पाहिले. सातच्या सुमारास खळ्यावर टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून एक गुळगुळीत दाढी केलेला गृहस्थ उतरला. गाव त्याला बाबूशेठ म्हणत होते. द्वारकाबाईंच्या पोत्यात हात घालून त्याने एक हळकुंड मोडले, नाकाशी नेले.

“ओलावा हाय, मावशी. एकोणीसशे.”

“लई ओलावा लागतोय रे तुला रोज.”

“बाजारच पडलाय. सांगलीत कुनी इचारीना.”

“कुनी इचारीना?” द्वारकाबाईंनी नुसती मान चौकाकडे वळवली. गाडी पहाटेच गेली होती. चौकात तिच्या चाकांच्या खुणा तेवढ्या होत्या. तरी बाबूशेठची नजर तिकडे गेली. “चोवीसशे साठ कुनाच्या बापाला इचारीत होते मंग काल?”

“तेवढं भाडं, हमाली, तोलाई धरा की.”

“धर. धरून सांग.”

तेविसशेला सौदा झाला. सगळ्या व्यवहाराला बाबूशेठने दिलेल्या तंबाखूची एक चिमूट मळण्याइतका वेळ लागला. त्या अडीच एकरांच्या बाईने नुकतेच जे केले होते, त्याचे गणित मी माझ्या प्रबंधात एकशे चाळीस पानांत मांडले होते.

“आणि भाव लिहिलेला नसला तर?” मी विचारले. प्रश्न मी वैरभावाने विचारला होता. मला त्या यंत्रणेत खोट हवी होती.

“तसं झालं की वो. फेब्रुवारीत मंत्री आला.” द्वारकाबाई हसू लागल्या, पण ते हसू चांगले नव्हते. “डेपोनं समद्या गाड्या धुतल्या. हार घातले. कंडक्टर म्हनले, चार दिस लिवायचं न्हाई; आमाला ते मागनं कळलं. गाडी आली कोरी. दुसऱ्या दिशी कोरी. गाव म्हनलं, झालं, सांगलीचा बाजार बसला! लिवन्यासारखाच भाव न्हाई ऱ्हायला. माझ्या दिरानं आठ पोती अठराशेला दिली रडत रडत. मीबी चार दिली. पाचव्या दिशी गाडी आली लिवलेली, तेवीसशे ऐंशी! दीर दगड घिऊन निघाला बाबूशेठकडं.”

“आणि?”

“आन् काय? त्यानं कुटं खोटं सांगितलं? गाडीनंच सांगितलं न्हाई.”

त्या वाक्यावर मी वही मिटली. पुढचे ऐकायला मला लिहिण्याची गरज नव्हती.

निघताना त्यांनी हळदीची पुरचुंडी हातात ठेवली. “लिवनार न्हवं?”

“लिहीन,” मी म्हणालो.

*

दुपारच्या गाडीने येळवंडला परतलो तेव्हा दिगंबर पंचा झटकत होता. त्याने मला चहा दिला आणि कपाटातून एक शाळकरी, दोनशे पानी वही काढली.

“पहाटे गाड्या परत आल्या की कंडक्टर मला सांगतात, कुठल्या गावात खळ्यावर काय भावाने गेलं. चार गाड्या, सदतीस गावं. अठरा महिने झाले.”

मी पाने उलटली. डावीकडे गाडीवर लिहिलेला भाव, उजवीकडे गावातला. त्या सदतीस गावांतून अठरा महिन्यांत या केंद्राच्या खोलीत क्वचित कुणी आले असेल. आणि फेब्रुवारीत चार दिवस डावा रकाना रिकामा. उजवीकडचे आकडे त्या चार दिवसांत कड्यावरून ढकलल्यासारखे खाली पडले होते, पाचव्या दिवशी पुन्हा जागेवर.

ज्यांना या विद्येचा गंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. समाजशास्त्रात प्रयोग करता येत नाही, हे आमचे कायमचे रडगाणे आहे. माहिती दिल्याने फरक पडला की चांगल्या पावसाने, हे ठरवता येत नाही. त्यासाठी माहिती एकाएकी बंद व्हायला हवी, तीही अशा कारणाने की ज्याचा हळदीशी संबंध नाही, आणि मग पुन्हा सुरू व्हायला हवी. असा योग एखाद्या संशोधकाच्या आयुष्यात येतच नाही. दिगंबरच्या आयुष्यात एक मंत्री आला, डेपोने गाड्या धुतल्या, आणि तो खुळा रोजच्यासारखा उजवा रकाना भरत बसला.

“तुला कळतंय का, हे काय आहे?” मी विचारले.

“कळतंय की,” तो म्हणाला. “म्हणूनच तुझी वाट बघत होतो. वही घेऊन जा.”

“छापलं का नाहीस?”

“छापलं की गाडी आली, गाडी आली की मामू आले. तू लिही. माझं काय, केंद्र राहिलं म्हणजे झालं. बारा तालुक्यांत बारा स्टँड आहेत, श्रीरंगा. संगणक किती लागतील? बारा. गावं मोज.”

मी मोजली. चहा निवेपर्यंत मोजत होतो. सातशे खेडी, बारा संगणक आणि खडूचे काही खोके. आमच्या सल्लागार समितीने त्याच कामासाठी सातशे संगणकांचा आराखडा केला होता आणि पैसा नाही म्हणून तो फेटाळला गेला होता.

मला त्या वेळी जे झाले त्याला मी मत्सर म्हणालो नाही. मी त्याला पद्धतिशास्त्रीय शंका म्हणालो. तोंडी सांगितलेले आकडे. नमुना-निवडीचा अभाव. सही नाही, ठसा नाही. परतीच्या प्रवासात त्या शंका मी एकेक करून आठवल्या आणि त्या सगळ्या खऱ्या होत्या, हे मी आजही शपथेवर सांगेन. वही माझ्या पिशवीत होती. पिशवी मी मांडीवर घेतली होती.

*

मे महिन्यात विभागीय आयुक्तालयात बैठक झाली. लांब टेबल, हिरवे कापड, सहा केंद्रांचे सहा प्रमुख भिंतीशी खुर्च्यांवर. दिगंबर शेवटच्या खुर्चीवर होता. इस्त्रीचा शर्ट, आणि नखांत हळद. मी आत येताच त्याने डोळ्यांनीच विचारले, आणि मी मान हलवली. कशाला हलवली ते मला ठाऊक नाही. त्याने होकार मानला.

अध्यक्षस्थानी खानोलकर नावाचे शासनाचे सचिव होते. भला माणूस. अहवाल वाचून आलेला.

“वर्तक सर, येळवंड. दिवसाला अकरा?”

“सरासरी दहा पूर्णांक आठ.”

“बाकीच्यांचे साठ-सत्तर. येळवंडच्या मानाने फारच पुढे.” त्यांनी पाने उलटली. “पण पृष्ठ त्रेपन्नवर खाली काहीतरी आहे. तळटीप सतरा. ‘केंद्राबाहेर माहितीचा काही अनौपचारिक प्रसार होत असल्याचे आढळले, त्याचे मापन शक्य झाले नाही.’ हे काय?”

खोलीत पंखा फिरत होता. दिगंबर पुढे सरकून बसला. त्याला बोलता येत नव्हते; बोलला असता तर पुढचा प्रश्न गाड्यांच्या नंबरचा होता. तो माझ्याकडे बघत होता, परीक्षेच्या खोलीत आपल्या पाठच्या बाकावरचा हुशार मुलगा उत्तर देणारच आहे अशा भरवशाने.

“म्हणजे लोक एकमेकांना सांगतात, असं?” खानोलकरांनी मला वाट करून दिली. “ते महत्त्वाचं असू शकतं. अंदाजे किती लोक?”

मला एक वाक्य बोलायचे होते. नाव न घेता, नंबर न सांगता, एक वाक्य. वही माझ्या पुण्याच्या घरी, टेबलाच्या खालच्या खणात होती.

“अंदाज देणं शास्त्रीय ठरणार नाही,” मी म्हणालो. “व्याख्येप्रमाणे लाभार्थी अकरा.”

“ठीक आहे,” खानोलकर म्हणाले आणि येळवंडसमोर पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढली.

पोलीसभरतीची दोन केंद्रे टिकली. पुढे बारा तालुक्यांत तशीच केंद्रे निघाली आणि तीन वर्षांत बाराही केंद्रांवर कुलपे पडली. ‘ग्रामीण भागात माहिती-तंत्रज्ञानाची मागणीच नाही’ असा निष्कर्ष निघाला. तो निष्कर्ष काढणाऱ्या समितीचा मी सदस्य होतो. येळवंडचा संगणक जिल्ह्याच्या कुठल्यातरी कार्यालयात गेला.

बैठकीनंतर व्हरांड्यात दिगंबर माझ्याजवळ आला. मी त्याच्या तोंडून शिवी ऐकायला तयार होतो. उत्तरे पाठ होती.

“वही?” त्याने विचारले.

“पुण्यात आहे. पाठवून देतो.”

“असू दे तुझ्याकडे,” तो म्हणाला, आणि चारची गाडी चुकेल म्हणून घाईने जिना उतरला.

मी वही पाठवली नाही.

*

चौदा वर्षांनी माझा ग्रंथ आला. शासनाला तोवर मोबाइलवर बाजारभाव पाठवण्याची कल्पना सुचली होती, तिच्या समितीचे अध्यक्षपद माझ्याकडे होते, आणि ग्रंथाचे चौथे प्रकरण सर्वत्र वाखाणले जात होते. त्यात एका अनाम तालुक्यातल्या चार अनाम गाड्या, सदतीस गावे आणि चार कोरे दिवस होते. आज विद्यार्थी परीक्षेत त्याला ‘कोऱ्या गाडीचा परिणाम’ म्हणतात आणि कंसात माझे नाव लिहितात. माहिती नसणे आणि माहिती थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहितीची सवय झालेला समाज तिच्या अभावालाही माहिती समजतो. हे वाक्य माझे म्हणून उद्धृत होते. ते द्वारकाबाई नादरे यांचे आहे. मी फक्त त्याला प्रमाणभाषा दिली.

मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात व्याख्यानानंतर प्रती स्वाक्षरीसाठी मांडल्या होत्या. रांगेत शेवटी दिगंबर उभा होता. केस पूर्ण पांढरे, हातात माझ्या पुस्तकाच्या दोन प्रती. विकत घेतलेल्या, पावती मधे खोवलेली होती.

“श्रीरंगा,” तो म्हणाला. “वाचलं. चौथं प्रकरण तर दोनदा वाचलं.”

मी पेनाचे टोपण काढले.

“मे महिन्यात शेखमामू रिटायर झाले. आणि जूनमध्ये तुझं पुस्तक आलं.” तो हसत होता. “आमच्याकडे काही लोक बोलले, की वही याने ढापली. मी त्यांना म्हटलं, तुम्ही वर्तकला ओळखत नाही. मामू नोकरीत होते तोवर त्याने एक शब्द लिहिला नाही. चौदा वर्षं दाबून ठेवलं. मी त्याला म्हणालो होतो, नावं घेऊ नकोस. इतका शब्दाचा पक्का, की माझंसुद्धा घेतलं नाही.”

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. माणसाच्या वाक्यामागचा हेतू ओळखण्याचे जे जे शास्त्र उपलब्ध आहे ते मी वाचले आहे. त्या चेहऱ्यावर मला काहीही वाचता आले नाही. आवाज तोच होता, “अकरा” म्हणतानाचा.

“केंद्र गेल्यावर काय केलंस?” मी विचारले. कधीच विचारले नव्हते.

“हळदीचा हंगाम संपेपर्यंत एसटीडी बूथवरून सांगलीला फोन करून लिहीत होतो. मग सांगलीचा माणूस बदलला. मग कोरी गाडी.” त्याने खांदे उडवले. “द्वारकाबाई दर वर्षी विचारायच्या, ते पुण्याचे साहेब लिहिणार होते ना? मी म्हणायचो, लिहितायत. गेल्या पावसाळ्यात वारल्या. नाहीतर त्यांनाही एक प्रत दिली असती.”

रांग संपली होती. संयोजक फुलांचा गुच्छ घेऊन दाराशी ताटकळत होते. दिगंबरने एक प्रत माझ्यापुढे ठेवली.

“माझ्या प्रतीवर नको. ही मामूंची. त्यांच्या नावाने सही कर. रहीम शेख. आता त्यांचं नाव लिहायला हरकत नाही.”

मी शीर्षकपृष्ठ उघडले. माझ्या नावाखाली भरपूर मोकळी जागा होती. मी पेन तिथे टेकवले, तसा त्याने पानावर बोट ठेवले.

“इथे नको, श्रीरंगा,” तो म्हणाला. “खाली लिही. अगदी तळाला. तुझं अक्षर बारीक आहे, मावेल.”

मी लिहिले. मावले.